मुळं फुटेपर्यंत

टण्.

काचेवर काच आपटली. दुपारचे तीन वाजले होते, घर झोपलं होतं. आभाने डोळे उघडले. शेजारची उशी रिकामी होती. तासाभरापूर्वी पाच वर्षांची अमू तिच्या कुशीत झोपली होती. निदान डोळे तरी मिटले होते.

पुन्हा टण्. आवाज खिडकीतून येत होता. बाटल्यांकडून.

गेले पंधरा दिवस आभाचा जीव त्या बाटल्यांत अडकला होता. कासुंदीच्या, म्हणजे इथल्या मोहरीच्या चटणीच्या रिकाम्या बाटल्या, अख्ख्या बिल्डिंगमधून मागून आणलेल्या, कितीही घासल्या तरी मोहरीचा वास न सोडणाऱ्या. प्रत्येकीत पाणी आणि पाण्यात मनी प्लांटची एकेक फांदी. दोन वर्षं तिने अशा फांद्या हौसेने वाटल्या होत्या. मग एका शेजारणीने बळेच पैसे हातात कोंबले, दुसरीने मुलीच्या नव्या घरासाठी मागितल्या आणि बघता बघता हौसेचा धंदा झाला. आता न्यू टाउनमधल्याच एका ऑफिसला प्रत्येक टेबलावर एक झाड हवं होतं. पहिलं मोठं काम. सियालदहहून आणलेल्या मातीच्या कुंड्या गॅलरीत रांगेने वाट बघत होत्या.

आणि मुळं येत नव्हती. पेराशी पांढरे ठिपके दिसायचे आणि दुसऱ्या दिवशी नाहीसे व्हायचे. तिने पाणी बदललं. बाटल्या गॅलरीतून स्वयंपाकघरात नेल्या, तिथून बेडरूमच्या खिडकीत. स्वयंपाक करता करता मधेच येऊन बघायची, अंघोळीला जाता जाता बघायची. एकदा भात करपला. तरी मुळं नाहीत.

बाहेर हॉलमध्ये सासूबाई घोरत होत्या. दाराशी त्यांची बॅग भरून तयार होती. तिला टेकून अमूची छोटी गुलाबी बॅग. उद्या हावड्याहून गाडी, मग कऱ्हाड.

"झाडांसाठी पोरीला धाडतेय, असलं काही मनात आणू नकोस," सासूबाई काल पुन्हा म्हणाल्या होत्या. "आजी नातीला सुट्टीत नेतेय. जगात पहिल्यांदाच घडतंय का हे?"

"पण आई, जूनमध्ये शाळा..."

"आमच्या समोरच बालवाडी आहे. बोलून ठेवलंय मी. तुझा जम बसेपर्यंत राहील. पोर धड मराठी तरी बोलेल! काल पाणी हवं होतं तर माझ्याकडे 'जोल' मागत होती."

सलील बँकेच्या कामासाठी महिन्यातले पंधरा दिवस आसनसोलला असायचा. तो फोनवर म्हणाला, "तुला योग्य वाटेल ते कर." म्हणजे उत्तर पुन्हा तिच्याच पदरात.

पंधरा दिवसांपूर्वी जायचा विषय पहिल्यांदा निघाला तेव्हा अमूने एकच विचारलं होतं, "परत कधी?" आभा तेव्हा बाटल्यांपाशीच बसली होती. हातातली बाटली दाखवून ती म्हणाली होती, "या सगळ्यांना मुळं फुटली ना, की झाडं ऑफिसात पोचवते आणि लगेच तुला आणायला येते."

टण्.

आभा उठून बसली. अमू खिडकीशी स्टुलावर उभी होती. फ्रॉक पुढून ओलाचिंब. एक फांदी बाटलीतून बाहेर काढून तिने डोळ्यांजवळ धरली होती. दोन बोटांच्या चिमटीत पेराशी आलेला पांढरा ठिपका पकडून ती हळूच ओढत होती. ठिपका तुटून बोटाला चिकटला. तिने तो फ्रॉकला पुसला, फांदी बाटलीत ठेवली आणि पुढची काढली.

"अमू!"

अमू दचकली. फांदी पाठीमागे लपवली.

"रोज काढतेस तू ही? रोज?"

"शिकोड ओढतेय," अमू म्हणाली. मुळांना तिचा शब्द तोच होता, खालच्या मजल्यावरच्या दीदीकडून आलेला. "ओढलं की लवकर येतात. आज सगळ्यांना आली तर उद्या जायला नको ना मला?"

पंधरा दिवस ती नळाच्या पाण्याला दोष देत होती.

तिने अमूला स्टुलावरून उतरवलं, मांडीवर घेतलं. ओला फ्रॉक तिच्या गाउनला चिकटला. पोरीच्या बोटांना मोहरीचा वास येत होता.

"अगं सोन्या, ओढून नाही येत ती. ती आपली आपण येतात. आपण नुसतं थांबायचं, हलवायचं नाही."

"आणि मग कुंडीत?"

"मग कुंडीत लावायचं."

"कुंडीतून परत बाटलीत आणता येतं?"

"नाही गं," आभा म्हणाली. हे ती प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायची, त्यामुळे विचार न करताच तोंडातून आलं. "एकदा कुंडीत मुळं धरली की झाड तिथलंच होतं. मग उपटायचं नाही. उपटलं तर सुकतं."

अमूने शहाण्यासारखी मान हलवली. दाराकडे, आजीच्या बॅगेला टेकलेल्या गुलाबी बॅगेकडे बघत राहिली. हॉलमधलं घोरणं थांबलं, कूस बदलल्याचा आवाज आला आणि पुन्हा सुरू झालं.

"आई," अमू म्हणाली. आजीला आवडेल असा मराठी शब्द तिने नीट जुळवून घेतला. "आणि मला आजीकडे मुळं फुटली तर?"