कंपनीचा माणूस

कॅल्विन कुणापुढे तोंड उघडायला तयार नव्हता. खांदा निखळलेला, हात गळ्यात बांधलेला, आणि स्वारी सोफ्यावर भिंतीकडे तोंड करून पडलेली.

"पोलिसांनी मारलं म्हणून पोलिसांकडेच रडू?" तो म्हणाला. "डेमनच्या वेळी त्यांनी काय दिवे लावले, आई?"

ओडेसाने त्याच्या गळ्यातली पट्टी नीट केली. आठ वर्षांपूर्वी याच घरात लुडके नावाच्या पोलिसाने तिच्या थोरल्याचा, डेमनचा, जबडा मोडला होता. पत्ता चुकीचा, माणूसही चुकीचा. आत शिरण्याआधी मेल्याने पायपुसण्यावर बूट मात्र रीतसर पुसले होते. एक, मग दुसरा, सावकाश. छोटा कॅल्विन जिन्यावरून सगळं बघत होता. चौकशीत लुडके सहीसलामत सुटला.

मग ओडेसाने शहर डोक्यावर घेतलं. चर्चमधल्या बायका जमवल्या, जानेवारीच्या बर्फात मोर्चे काढले आणि कायदा करून घेतलाच. मारहाण झालेल्याला भरपाई देणारा विमा प्रत्येक पोलिसाने स्वतःच्या पैशाने काढायचा. लोकांना बडवलं की हप्ता चढणार, आणि कंपनीने हात वर केले की नोकरी गेली! लुडकेला एकही कंपनी विमा देईना. त्याचा बिल्ला गेला त्या दिवशी ओडेसाने गल्लीभर केक वाटला.

"हे पोलीस नाहीत रे सोन्या," ती आता म्हणाली. "विमा कंपनी आहे. भरपाई त्यांच्या खिशातून जाते, म्हणून नीट ऐकतात. मी उगाच का गोठले रस्त्यावर? बोल त्यांच्याशी. माझ्यासाठी."

भिंतीकडचं तोंड वळवून तो म्हणाला, "फक्त तुझ्यासाठी हं."

कंपनीत फोन उचलणारी मुलगी मोठी गोड होती. "आमचे चौकशी अधिकारी घरीच येतील. पोलिसांचं काम त्यांना आतून बाहेरून ठाऊक आहे. त्यांना कुणी बनवू शकत नाही."

"ऐकलंस?" ओडेसा कॅल्विनला म्हणाली. तिला अगदी भरून आलं होतं.

गुरुवारी सकाळी तिने कॉफी ठेवली. कॅल्विनने एका हाताने शर्टाची बटणं लावली आणि बाहेरच्या खोलीत ताठ बसला. "काही लपवणार नाही," तो म्हणाला.

बाहेर गाडी थांबली. कुणीतरी पायऱ्या चढलं. मग पायपुसण्यावर बूट घासल्याचा आवाज आला. एक, मग दुसरा, सावकाश.

कॅल्विन उठला आणि जिन्यावर जाऊन बसला.

ओडेसाने दार उघडलं.

"गुड मॉर्निंग, बाई," लुडके म्हणाला. "विमा कंपनीकडून आलोय."