हँडलची काच

अब्बा सगळ्यात स्वस्त मॉडेलवर अडून बसले आणि सोलापूरच्या चकचकीत शोरूममध्ये इफ्राला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "चाचा, थोडे वाढवा की, बटनाच्या काचा येतील," सेल्समन म्हणाला. "काचा हँडलच्याच पायजेत," अब्बा म्हणाले. वळसंगच्या दवाखान्यात ती नर्स होती, गाडी रोज तीच चालवणार. "अब्बा, एवढी कंजुषी कशाला?" त्यांनी तिला गाडीत बसवून दार लावलं. "डोळे मिट. आता काच उघड." हसतच तिने डोळे मिटले आणि अंधारात थोरला भाई आठवला. गेल्या पावसाळ्यात त्याची गाडी कालव्यात गेली, बटनं बंद पडली, काचा उघडल्याच नाहीत. चाचपडत तिने हँडल शोधलं, गरागरा फिरवलं. काच पूर्ण खाली गेली तेव्हा कुठे अब्बांनी रोखलेला श्वास सोडला, घाम पुसला. मग म्हणाले, "आता डाव्या हातानं उघड."