दोनशे बारावी ओळ

"असं काही फंक्शन नाही," विलासिनी टीचर फोनवर तिसऱ्यांदा म्हणाल्या. "प्रोग्राम मी लिहिलाय. मला माहीत नसेल?"

"पण टीचर, एआय म्हणतंय की आहे." पलीकडे नौशाद होता. कोळिक्कोडच्या एका छापखान्यात तो पुस्तकांची पानं लावायचा. "माणसांची नावं ओळीच्या शेवटी तुटू नयेत म्हणून आहे म्हणतंय."

"एआय काय, उद्या म्हणेल पुस्तकाला पाय फुटतात."

मल्याळम शब्द ओळीच्या शेवटी कुठं तोडायचा, हे टीचरांचा प्रोग्राम ठरवायचा. पॉलिटेक्निकमध्ये शिकवताना त्यांनी तो लिहिला आणि त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला ठेवला. कितीतरी छापखाने तो वापरू लागले. निवृत्तीनंतरही त्रिशूरच्या घरी बसून त्या लोकांच्या शंका सोडवत. हल्ली मात्र त्यांचं डोकं उठलं होतं. जो तो एआयला विचारून यायचा आणि त्यांनी कधी न लिहिलेल्या गोष्टी त्यांनाच सांगायचा.

"हे बघ मोने, बाळा, ते अंदाजपंचे बोलतंय," त्या म्हणाल्या. "एक साधन आहे. टर्मिनलमध्ये एक कमांड दिलीस की माझा खरा कोड तुझ्या मशीनवर उतरतो आणि एआय तो वाचून उत्तर देतं. ते वापर, मग बोल."

अर्ध्या तासानं नौशादचा पुन्हा फोन.

"वापरलं, टीचर. आता तर ते ओळीचा नंबरही सांगतंय. दोनशे बारा. आणि रागावू नका, पण गेल्या महिन्यात मेलवर तुम्हीच मला लिहिलं होतं, नावांचं काम हातात घेतलंय म्हणून."

"मी? तुला? आपण आज पहिल्यांदा बोलतोय."

"बोलतोय पहिल्यांदा," नौशाद हळूच म्हणाला.

टीचरांनी फोन ठेवला आणि फाइल उघडली. दोनशे बाराव्या ओळीवर ते फंक्शन होतं. शेजारी तीन आठवड्यांपूर्वीची तारीख आणि त्यांचं स्वतःचं नाव.

त्या मागे मागे जात राहिल्या. गेल्या ओणमपासून असे अकरा बदल निघाले. सगळे त्यांच्या नावावर, आणि एकही त्यांचा नाही. दोन तास त्या त्यांत चूक शोधत बसल्या. सापडली नाही, तेव्हा कीबोर्ड जोरात मागे ढकलला.

"चूक असती तर बरं झालं असतं," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "माझ्या नावानं कुणीतरी माझ्यापेक्षा नीट लिहितंय."

गंगाधरन वर्तमानपत्राच्या घड्या घालत होते. "मग राहू दे की. लोकांची कामं होतायत."

"चोर घरात शिरून झाडलोट करून गेला तर चालेल का चेट्टा, तुम्हाला?"

गंगाधरननी वर्तमानपत्राची आणखी एक घडी घातली.

रविवारी कोचीहून जोमोन आला. टीचरांचा जुना विद्यार्थी, आता मोठ्या कंपनीत होता. तो चप्पल काढेपर्यंतही टीचरांना धीर नव्हता.

"अकराही बदल काढून टाक. आणि जाहीर कर, की या प्रोग्रामवर कुणी विसंबू नका. मी तो बंद करतेय."

"वीस वर्षांचं काम, टीचर."

"माझं राहिलंय कुठं ते?"

तेवढ्यात नौशादचा फोन आला. बंद पडलेल्या विडी कारखान्यातल्या कामगारांच्या नावांचं पुस्तक होतं, चारशे पानांचं. बुधवारी छपाईला जायचं होतं. "तेवढं फंक्शन काढू नका, टीचर. तुमच्या पाया पडतो." टीचरांनी फोन कापला.

जोमोन तासभर टीचरांच्या कॉम्प्युटरसमोर बसला होता. पासवर्ड तपासले, नोंदी तपासल्या.

"बाहेरून कुणी शिरलेलं नाही," तो शेवटी म्हणाला. "सगळं याच मशीनवरून झालंय. दुपारच्या वेळी."

"दुपारी मी झोपलेली असते."

"हो," जोमोन म्हणाला.

"हो काय? मग भूत येतं का?" टीचर तणतणत उठल्या आणि परिप्पुवडे आणायला आत गेल्या. आत गंगाधरन चहा गाळत होते. भांड्यांचा आवाज येत राहिला.

जोमोननं टर्मिनल उघडलं आणि वरच्या बाणाची कळ दाबली. आधी दिलेल्या कमांड एकेक करून दिसू लागल्या. तेच साधन, शेकडो वेळा चालवलेलं. प्रत्येक कमांडपुढे एआयला मल्याळममध्ये विचारलेला एक प्रश्न.

या ओळीतला कंस कशासाठी आहे?

कण्णूरचा माणूस विचारतोय, ते कुठल्या फाइलमध्ये असेल?

तिनं हे असं का लिहिलं असेल?

जोमोनचं बोट कळीवर थांबलं. त्यानं एकदा स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं, आणि मग दाबत दाबत थेट ओणमच्या महिन्यापर्यंत, अगदी पहिल्या प्रश्नापर्यंत गेला.

हा प्रोग्राम माझ्या बायकोनं लिहिलाय. आता तिला तो आठवेनासा झालाय, आणि हे तिला अजून माहीत नाही. मला यातलं ओ की ठो कळत नाही, पण पहिल्या ओळीपासून शिकव.