टिकाऊ जोडी

दुकानात हेमावतीनं हातमोजा तोंडाशी धरून आत हवा भरली, मनगटाशी पीळ देऊन तोंड बंद केलं आणि गालाजवळ नेऊन दाबला. हवा कुठूनच सुटली नाही. कातडी मोजे तिनं आधीच बाजूला सारले होते. कास्टिक सोड्याच्या पाण्यात ते कडक होऊन तडकतात. कापडी मोजे तर पाणी पितातच. पिवळे पातळ रबरी मोजे नख लागलं तरी फाटले असते. हे काळे होते, जाड, कोपरापर्यंतचे, आतून सुती अस्तराचे.

"हेच घ्या मालक," ती म्हणाली. "दोन जोड्या घ्या की. आमी दोघी हाय."

"आधी एक घेऊ. टिकतात का बघू," बसलिंगप्पा म्हणाले.

त्यांच्या रंगखान्यात चादरीचं सूत रंगवलं जाई. रिकामे झालेले हौद कास्टिकनं घासायचं काम हेमावती आणि चंद्रव्वाचं. हेमावतीच्या नवऱ्याचा माग बंद पडला तेव्हा चंद्रव्वानंच तिला इथं आणलं होतं. कास्टिकनं चंद्रव्वाचे हात पार सोलून गेले होते. गेल्या आठवड्यात तिला भाकरी मोडता येईना. हेमावतीनं घास करून तिला भरवलं आणि तशीच उठून मोजे मागायला मालकांकडे गेली. मालक खेकसतील असं तिला वाटलं होतं. ते म्हणाले, "चल दुकानात. तूच निवडून दे."

सकाळी मोजे चंद्रव्वाला, दुपारी हेमावतीला, असं दोघींचं ठरलं. चंद्रव्वानं पहिल्यांदा मोजे घालून हौदात हात घातला तेव्हा ती लहान पोरीसारखी हसली. "काय बी लागत न्हाय गं!"

पण तिच्या जखमा आत पाझरत. दुपारी हेमावती मोजे घाली तेव्हा अस्तर ओलं, चिकट असे. ती ते उलटं करून धुई, उन्हात टाकी, तरी वास जाईना. मग तिच्याच बोटांच्या बेचक्यात खाज सुटली. बारीक फोड आले. रात्री ती नवऱ्यापासून हात लपवून झोपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती लवकर आली आणि मोजे घालूनच हौदात उतरली. चंद्रव्वा काठावर उभी राहिली. थोडा वेळ तिनं वाट पाहिली. मग उघड्या हातांनी खाली उतरली. तिच्या तोंडून दिवसभर बारीक कण्हणं येत होतं. हेमावतीला ते ऐकवेना. तिला चंद्रव्वाचा राग यायला लागला.

संध्याकाळी ती मालकांसमोर उभी राहिली. "चंद्रव्वाचं हात सडल्यात मालक. मोजं नासाय लागल्यात. तिला दुसरं काम द्या."

"दुसरं काम कुठलं? राहील तर हौदावर, नाहीतर घरी." बसलिंगप्पांनी चष्मा काढला. "तूच बोल. काय करू?"

हेमावतीनं पायाच्या अंगठ्यानं फरशी घासली.

"घरी," ती म्हणाली.

मालकांनी तिथल्या तिथे मुकादम सिद्धनाथला हाक मारली. सकाळी चंद्रव्वा आली ती परत जाण्यासाठीच. दारात सिद्धनाथनं तिला सगळं सांगितलं, हेमावतीच्या नावानिशी सांगितलं. ती आपला कपबशीचा जोड आणि जुनं लुगडं घ्यायला हौदाशी आली.

"तू सांगितलंस व्हय?"

"व्हय," हेमावती म्हणाली.

चंद्रव्वानं मान हलवली. सामान फडक्यात ठेवलं, पण तिला गाठ मारता येईना. बोटं वळत नव्हती. तिनं फडकं हेमावतीपुढे धरलं. हेमावतीनं मोजे न काढताच गाठ मारली.

दुपारपर्यंत तिनं दोघींच्या वाटचे हौद घासले. मोज्यांत हात कोरडे राहिले होते. पण ती सारखी रिकाम्या काठाकडे बघत होती. शेवटी ती मालकांकडे गेली. ते चहा पीत होते. त्यांनी तिच्यासाठीही अर्धा कप ओतायला लावला.

"मालक, चंद्रव्वाला बोलवा की परत," ती म्हणाली. "आनिक एक जोडी घ्या. त्या दिवशीच दोन घेतल्या असत्या तर ही पाळीच आली नसती."

"दोन कशाला घेईन?" बसलिंगप्पा शांतपणे म्हणाले. "मंदी आहे. मला एकच बाई ठेवायची होती. मी काढली असती तर उद्या युनियन दारात येऊन बसली असती."

त्यांनी कप तिच्याकडे सरकवला.

"चहा घे. तू काढलीस, फार बरं झालं."