सरावाचं घर

नव्या चौकटीच्या उंबऱ्याला बायकोने, गिरजाने, हळदकुंकू लावलं तेव्हाच धर्मा कावला होता. "अगं, हे घर नव्हे. जवानांनी दार फोडून आत घुसायचा सराव करायचा, म्हणून बांधलंय. उद्या फोडतील."

"उंबरा पुजला की घर झालं," एवढंच ती बोलली. सैन्याच्या या प्रशिक्षण केंद्रासाठी त्यांचं गाव उठलं, तेव्हापासून दोघं इथेच गवंडीकाम करून पत्र्याच्या खोपटात राहत होती. खोपटाला दार म्हणून गोणपाट होतं.

सकाळी जवान सरावाला येऊन उभे राहिले, तर दाराला आतून कडी. मुकादम धर्मावर खेकसला, "बायकोला बाहेर काढ, नाहीतर दोघंही कामावरून गेलात."

धर्माने हाका मारल्या, विनवण्या केल्या. आतून शांत आवाज आला, "एकदा काढलं घरातून. आता नाही मी निघायची."

मग स्वतःच बसवलेल्या दाराला त्याने खांद्याने धडका दिल्या. शेवटी कडी तुटली. चुलीपाशी बसावं तशी ती कोपऱ्यात बसली होती. तिला ओढून काढायला धर्मा आत शिरला, पण उंबऱ्यावर त्याने पाय पडू दिला नाही.