आधी शादलीची दाढी

शादलीच्या हातातला पेला बशीवर खडखडला आणि अर्धी कॉफी मोंजी न्हाव्याच्या नुकत्याच पुसलेल्या फरशीवर सांडली.

"आजचा तिसरा," दारातून कॉफीवाला झुहैर म्हणाला. "काका, यापुढे कॉफी थेट फरशीवरच ओतून जातो. पेला तरी वाचेल."

"ओत," शादली म्हणाला. "साखर मात्र कमी."

बाकावरची गिऱ्हाइकं हसली आणि मग ओशाळली. चाळीस वर्षं या माणसानं नाबुल गावच्या मातीच्या थाळ्यांवर केसाएवढी निळी रेघ ओढली होती. एका दमात, सुरुवात कुठली नि शेवट कुठला ते कळू न देता. तीन वर्षांपूर्वी त्याला कंपवात झाल्याची बातमी बाजारात पसरली. तेव्हापासून कुंचला सुटला. डॉमिनोच्या सोंगट्या पाडायला लागला तसे जुने भिडूही एकेक करून पांगले.

राहिला एकटा मोंजी. बाजार फुकटात कुणाला चांगलं म्हणत नाही, पण मोंजीच्या नावावर त्यानं हातचं न राखता पुण्य मांडलं होतं. औषधाचा डबा मोंजीच्या खणात. सकाळी आठ आणि दुपारी दोन, घड्याळ कधी चुकलं नाही. दोघं आतल्या खोलीत जात, पडदा पडे, आणि मागून तेच शब्द ऐकू येत, "अख्खी गिळायची. तोडायची नाही, चावायची नाही. ती पोटात सावकाश विरघळते. सहा तासांची शिदोरी आहे, एका घासात उडवायची नाही."

सकाळी दहाला दुकान उघडलं की पहिली दाढी शादलीची. रोज.

"रोज कसली उगवते हो यांची?" झुहैर विचारी.

"आजाऱ्याची हौस," लोक म्हणत. मित्राच्या काळजीनं मोंजीच आटत चालला होता. बोलणं कमी, हसणं त्याहून कमी, आणि काम नसलं की हात एप्रनच्या खिशात.

आज दुकानाची लाज पणाला लागली होती. नवरदेव अनीसच्या बापाची आणि आजोबांची लग्नाची दाढी याच खुर्चीत झालेली. पण अर्ध्या घराला समोरचं नवं गारेगार सलून हवं होतं. नवरा बाराला यायचा होता. मामाचं लियोनहून येणारं विमान रखडलं आणि ढोल वाजत वरात दारात आली तेव्हा दोन वाजत होते.

मोंजी वस्तऱ्याकडे वळला. तेवढ्यात शादली खुर्चीवरून घसरला.

"गोळी... मोंजी, मला आत ने."

"आत्ताच?" मामा म्हणाला.

पडदा पडला. दहा मिनिटं गेली, वीस गेली. "मला चक्कर येतेय," आतून शादली ओरडला. "मोंजी, माझ्याजवळून हलू नकोस!"

"दाढी नवऱ्याची आहे की रोग्याची?" मामा तडकला. "चला रे समोर!"

"मामा, तुमच्या विमानासाठी दोन तास थांबलो," अनीस म्हणाला. "एका म्हाताऱ्यासाठी आणखी एक थांबलो, तर नवरी काही पळून जात नाही. आजोबांची खुर्ची मी सोडणार नाही."

तासाहून जास्त गेल्यावर पडदा सरकला. शादली बाहेर आला तो सरळ खुर्चीत जाऊन बसला.

"आधी माझी."

"अहो, सकाळीच झाली ना तुमची!" झुहैरनं कपाळावर हात मारला.

मोंजीनं साबणाची वाटी उचलली. त्यानं फेस लावला आणि वस्तरा शादलीच्या गळ्यावरून वर नेला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. शादलीनं डोळे मिटले होते. मग ते उघडून तो उठला.

"बस, पोरा. आता तू."

अनीसची दाढी बघायला समोरचा सलूनवालाही आला होता. हनुवटीच्या खळीत, कानाच्या पाळीखाली, ओठाच्या कडेला वस्तरा पाण्यासारखा फिरला. रक्ताचा ठिपका नाही. ढोल पुन्हा वाजले, बाहेरून बायकांचे आनंदाचे उलुलू उठले. मामानं पुढे होऊन मोंजीच्या खांद्याचं चुंबन घेतलं.

"दुसरा कुणी असता तर या रोग्याला केव्हाच हाकललं असतं," तो म्हणाला, आणि शादलीकडे वळला. "काका, या माणसाचे उपकार विसरू नका."

"कसा विसरेन?" शादली म्हणाला. त्याचा हात थरथरत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला, दुकानाचं दार आतून बंद असताना, शादलीनं पेला काठोकाठ भरला आणि एक थेंब न सांडता आतल्या खोलीत नेला.

"आ कर," तो म्हणाला, आणि केसाएवढी रेघ ओढणाऱ्या त्या दोन बोटांनी त्यानं अख्खी गोळी मोंजीच्या थरथरत्या ओठांआड ठेवली.