कावळा न ओरडणारं गाव

संगमनेरच्या पोस्टात सूर्यभानला बढती मिळाली आणि साहेबांनी विचारलं, नाशिक की सोलापूर? बायको पुष्पावतीने लगेच नाशिक धरलं. थंड हवा, जुनी देवळं, वर द्राक्षं. सूर्यभानने मात्र वेगळाच हिशेब मांडला. सगळ्या भावकीच्या अस्थी नाशकात, रामकुंडातच जायच्या आणि गावाकडे पाच म्हातारे अगदी काठावर बसलेले. एकेकामागे ट्रकभर माणसं येणार आणि उतरणार कुठे, तर याच्याच दोन खोल्यांत.

"सोलापूरच बरं," तो म्हणाला. "तिथल्या उन्हात कावळासुद्धा ओरडत नाही, मग पाहुणा कुठनं येईल?"

पुष्पावतीने आठवडाभर धुसफूस केली. त्याने सोलापूर लिहून दिलं आणि निरोप घ्यायला गावी गेला. चुलती गोजरबाईच्या पाया पडताना तो जरा ओशाळलाच, कारण त्या पाचांत त्याने पहिला नंबर तिचा धरला होता.

म्हातारीने त्याच्यावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली. "लई ग्वाड झालं बाबा. सोलापूर म्हंजी तुळजापूरचं दारच. सात नातवंडं लग्नाची हायेत माझी. देवीला निघालेल्या समद्या जोड्या आता तुझ्याकडंच उतरत्याल."

सूर्यभान कसंबसं म्हणाला, "नाशिकबी मिळत हुतं, काकी."



"येडा का खुळा तू? रामकुंडावर मानूस एकदाच जातो. आई भवानी दर वर्साला बोलावती."